लेकीच्या पीएच.डी.चा विषय मला कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त_कॅशियर
नमस्कार मंडळी. वाचनमात्र असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची मुलगी एम.फार्म. आहे. औषध कंपनीत चार वर्षं नोकरी केली, पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगारापेक्षा जास्त. मार्चमध्ये राजीनामा देऊन आली. म्हणे पीएच.डी. करणार. करू दे, माझी ना नाही. विषय काय विचारलं तर उत्तर असं: "वेदनाशामक औषधं, ती घेणारा समाज आणि ती शेवटी जिथे जातात ते पर्यावरण." सुरुवात पॅलिएटिव्ह केअरपासून करणार आहे. मार्गदर्शक तीन. एक डॉक्टर, एक समाजशास्त्राच्या बाई आणि एक पक्ष्यांचे अभ्यासक.

पक्ष्यांचे!

मी ३४ वर्षं बँकेत काढली. आमच्याकडे एका काउंटरवर एकच काम असायचं, आणि ते करूनही संध्याकाळी हिशोब जुळायला नऊ वाजायचे. त्यात तिच्या आत्याने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, जाहीर करून टाकलंय की "मरणाच्या दारातल्या माणसांवर कसला अभ्यास, अभद्र." मुलीला जास्त विचारलं की चिडते. म्हणून इथे विचारतोय:
पॅलिएटिव्ह केअर म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणतात? आणि माणसाचं दुखणं, समाजशास्त्र आणि पक्षी यांची मोट कशी बांधायची?

चहाबाज
पहिला! तोंडी परीक्षा झाडावर बसून होणार का? (हलकं घ्या, काका.)

शुश्रूषा_११
काका, मी परिचारिका. गेली अकरा वर्षं घरी जाऊन हेच काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे.

आजार बरा होणार असो वा नसो, माणसाचा त्रास कमी करायचा, हे झालं पॅलिएटिव्ह केअर. त्रास म्हणजे दुखणं, धाप, उलट्या, न भरणाऱ्या जखमेचा वास, आणि घरच्यांची उडालेली झोपसुद्धा. "आता काही करण्यासारखं नाही" असं डॉक्टर म्हणतात ना, तिथून पुढे करण्यासारखं केवढं असतं ते मला विचारा. आणि हे फक्त शेवटच्या आठवड्याचं काम नाही. निदान झालं त्या दिवसापासून सुरू करता येतं. आत्याबाईंना एवढं जरूर सांगा.

सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा पेशंटांचं शुश्रूषागृह, काढलं. बाई आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर. तिन्ही काउंटर एकाच बाईंनी सांभाळले, काका! त्यांचं म्हणणं असं की वेदना एका जागेची नसते. शरीराची, मनाची, पैशाची, नात्यांची, श्रद्धेची, सगळी मिळून एकच असते. त्याला त्या 'टोटल पेन' म्हणत.

माझा एक पेशंट होता, घशाचा कर्करोग, शेतकरी. मॉर्फिन या जबर वेदनाशामकाचा डोस वाढवत नेला तरी रात्र रात्र तळमळायचा. आमच्या समाजसेविकेने चार दिवस नुसतं शेजारी बसून घेतलं तेव्हा कळलं की वाटणीची जमीन सातबाऱ्यावर अजून भावाच्याच नावाने होती. आपण गेल्यावर बायकोला हाकलतील ही भीती. मग आम्ही तलाठ्याकडे खेटे घातले. फेरफार झाला, उतारा त्याच्या हातात दिला, त्या रात्री तो झोपला. पुढच्या आठवड्यात डोस कमी करावा लागला. आता हे वैद्यक म्हणायचं की महसूल खातं?

पाणिनीचा_भाचा
मराठी प्रतिशब्द: उपशामक सेवा, परिहार सेवा. दोन्ही पोटदुखीच्या चूर्णाच्या जाहिरातीसारखे वाटतात.
खरा शब्द वरच्या ताईंच्या आयडीतच आहे. शुश्रूषा. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छादर्शक रूप. शुश्रूषा म्हणजे मुळात 'ऐकण्याची इच्छा'. सेवा हा अर्थ नंतरचा. सातबाऱ्याचं दुखणं ऐकूनच कळलं, नाही का?

शुश्रूषा_११
अकरा वर्षं हा आयडी वापरतेय आणि हे आज कळतंय. धन्यवाद.

चहाबाज
ज्यांना 'सुश्रुषा' लिहायची सवय आहे त्यांनी हळूच आपापले जुने प्रतिसाद संपादित करावेत. मी करतोय.

कुंपणावरचा
ताईंच्या कामाबद्दल आदर आहे. पण काकांचा प्रश्न वेगळा होता. डॉक्टर आणि समाजसेवक एकत्र, समजलं. पक्षी कुठून आले?
स्पष्ट बोलतो. हल्ली 'आंतरविद्याशाखीय' असा शिक्का मारल्याशिवाय अनुदान मिळत नाही. म्हणून तीन विषयांची नावं एकत्र लिहायची आणि तिन्हींतलं अर्धवट करायचं. मी स्वतः विद्यापीठात आहे, असे प्रबंध तपासले आहेत. समाजशास्त्राच्या परीक्षकाला वाटतं यातलं विज्ञान भारी असेल, विज्ञानाच्या परीक्षकाला वाटतं समाजशास्त्र भारी असेल, आणि मुलगा पास.

जनावरांचा_डॉक्टर
पक्षी कुठून आले ते मी सांगतो. थोडं लांबेल.

मी विदर्भातला, पशुवैद्यक. ९८ ला नोकरीला लागलो. बैल लंगडला, गाईच्या कासेला सूज आली, ताप आला, की डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायचं. स्वस्त, आणि गुण एकदम. खोटं कायले बोलू, सकाळी बसलेला बैल संध्याकाळी उभा राहिला की शेतकरी पाया पडायचा. पेरणीच्या दिवसांत बैल उभा राहणं म्हणजे काय ते शेती करणाऱ्यालाच विचारा.

काही बैल मात्र मरायचेच. टोचल्यावर दोनतीन दिवसांत मेलेलं जनावर गावाबाहेर हाडकीत टाकलं की गिधाडं यायची. त्या मांसातलं औषध त्यांच्या पोटात जायचं. गिधाडाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. युरिक ॲसिड साचतं, काळीज आणि आतड्यांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो, पक्षी मान टाकून बसतो आणि मरतो.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडं कमी होताहेत हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्या नजरेस नव्वदच्या दशकात आलं. पुष्कळांना वाटायचं, एखादा विषाणू असेल. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरचं काम छापून आलं आणि उलगडा झाला: डायक्लोफिनॅक. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के संपली. सगळी जनावरं विषारी होती असंही नाही. शंभरातलं एखादंच मढं तसं असलं तरी पुरतं, कारण एका मढ्यावर सगळा थवा बसतो.

२००६ ला जनावरांसाठी बंदी आली. तरी माणसांसाठीच्या ३० मिलिच्या बाटल्या दुकानात मिळायच्या, त्याच गुरांना वापरायचे लोक. २०१५ ला माणसांचं इंजेक्शनही ३ मिलिच्या एकाच मात्रेत विकायचं असा नियम झाला. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक आहे, गिधाडाला चालतं, बैलालाही लागू पडतं. २०२३ ला ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी घातली.

मी सहा वर्षं टोचलं. कोणी वाईट हेतूने केलं नाही हे. दुखणं कमी करत होतो. तुमची लेक हेच तर विचारून राहिली ना, की एकाचं दुखणं थांबवलं ते गेलं कुठं?

दादर_टीटी
शहरातलंही सांगते. माझे जुने साहेब पारशी. त्यांच्या आई गेल्या तेव्हा आम्ही मलबार हिलला डुंगरवाडीत, म्हणजे पारशी आपल्या माणसाचा देह गिधाडांसाठी ठेवतात तिथे, गेलो होतो. पावसाळा होता. गिधाडं नाहीत म्हणून तिथे सौर परावर्तक बसवलेत, आरशांनी ऊन एकवटायचं. पण जुलैत मुंबईला ऊन कुठलं? साहेब काही बोलले नाहीत, फक्त दोनदा वर आभाळाकडे पाहिलं. २०१५ ला वरळीच्या स्मशानात पारशांसाठी प्रार्थनागृह झालं, काही कुटुंबं आता दहनाकडे वळली आहेत.
हजारो वर्षांचा अंत्यसंस्कार एका वेदनाशामकाने अडचणीत आणला. समाजशास्त्राच्या बाई कशाला ते कळलं का, काका?

कुंपणावरचा
किस्से दोन्ही चांगले. पण बैलाचं औषध आणि कर्करोगाच्या पेशंटचं मॉर्फिन यांना 'वेदना' या एका शब्दाने बांधणं म्हणजे शाब्दिक कोटी झाली, संशोधन नाही.

माळरान
कुंपणावरचे साहेब, मग थोडं अवघड बोलतो.

गिधाडं येण्याआधी मेलेलं ढोर गावातून हाडकीपर्यंत कोण ओढत होतं? माझे आजोबा. ते काम जातीने ठरवून दिलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा म्हणून सांगितलं, आमच्या घराने सोडलं, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. २०१६ ला गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना मारलं, तेव्हा तिथल्या लोकांनी ढोरं उचलणं बंद केलं. मग शहरांत मढी पडून राहिली आणि सगळ्यांना कळलं की हे काम कोणीतरी करत होतं.

म्हणजे मढं उचलायला एक जात आणि साफ करायला एक पक्षी, अशी व्यवस्था होती. पक्ष्याच्या तब्येतीवर प्रबंध झाले ही चांगलीच गोष्ट आहे. ओढणाऱ्याच्या पाठीच्या दुखण्यावर किती झाले?

आणि गिधाडं गेल्याची किंमत पैशात आणि माणसांत मोजलेली आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०२४ ला 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती गेल्यावर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. २००० ते २००५ मध्ये जादा मृत्यू सुमारे पाच लाख. मढी कुजली, पाण्यात गेली, भटकी कुत्री आणि रेबीज वाढलं. हे अर्थशास्त्रज्ञांनी काढलं. पशुवैद्य, पक्षितज्ञ आणि अर्थतज्ज्ञ आपापल्या काउंटरवर बसून राहिले असते तर हा हिशोब लागला नसता.

जनावरांचा_डॉक्टर
माळरान, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हाडकीपर्यंत कोण नेतं हे रोज पाहत होतो तरी.

लीड्सकर
(मुक्काम इंग्लंड, माहेर सांगली.) मी भूल विभागात टेक्निशियन आहे. दुखणं थांबवण्याचा धूर आभाळातही जातो. डेस्फ्लुरेन नावाचा भुलीचा वायू आहे. एक किलो डेस्फ्लुरेन शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण २५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतं. पेशंटच्या नाकातून बाहेर पडतं ते गच्चीवरच्या नळीतून सरळ वर. पर्याय होतेच, म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये ते वापरणं थांबवलं, मग इंग्लंडने. आमच्या ऑपरेशन थिएटरमधला निळा डबा गेला, पेशंटला काही फरक कळला नाही.
जाता जाता, इथली हॉस्पिसं बरीचशी देणग्यांवर चालतात. त्यांची जुन्या कपड्यांची दुकानं असतात. माझा हिवाळ्याचा कोट अशाच दुकानातला, सहा पौंडांचा.

चहाबाज
सहा पौंडांत कोट?? पत्ता खाजगी निरोपात पाठवा.

पंचगंगाकाठ
अंत्यसंस्काराचा विषय निघालाच आहे तर आमचं कोल्हापूर! महापालिका दहन मोफत करते, आणि ते शेणींवर, लाकूड कमी. होळीला लोक होळी लहान करून शेणी स्मशानाला दान करतात. पोळ्यासुद्धा गरजूंना देतात. कुठल्या प्रबंधाशिवाय चाललंय हे.

पाणिनीचा_भाचा
शेणी की गोवरी?

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात शेणीच. गोवरी पुण्यात, आणि तीही ऑनलाइन, सहाचा संच.

मुंबई_पुणे_मुंबई
ठ्ठो! पण विद्युतदाहिनीत धूर कमी, हे विसरू नका. आमच्या काकांनी तसं लिहून ठेवलं होतं तरी चुलतभाऊ म्हणाला, लाकडंच.

संपादक
कोल्हापूर-पुणे वादासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

अफूची_गोळी
कुंपणावरचे म्हणतात बैल आणि मॉर्फिनचा संबंध नाही. एक संबंध देतो.

कायदेशीर अफूची शेती आपल्याकडे नीमच, मंदसौर, चितोडगड भागात होते. सरकारी परवाना, बोंडाला चीर मारून चीक गोळा करायचा, सगळा माल सरकारला. औषधासाठी अफूचा चीक पिकवण्यात आपला देश जगात पुढे. मॉर्फिन त्याच अफूपासून. आणि आपल्याच कर्करोगाच्या पेशंटला वर्षानुवर्षं ते मिळत नव्हतं! कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. परवान्यांचे एवढे कागद की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारातेरा वर्षांत वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. २०१४ ला कायदा बदलला तेव्हा वाट जरा सोपी झाली. त्यामागे केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांची कित्येक वर्षांची खटपट आहे.

म्हणजे बघा: बैलाला वेदनाशामक कोणीही, कितीही टोचायचं, विचारणारं नव्हतं. माणसाच्या कर्करोगाला मात्र सतरा शिक्के. पहिल्यात गिधाडं मेली, दुसऱ्यात माणसं ओरडत मेली. कुठलं औषध मोकळं सोडायचं आणि कुठलं कुलपात, हे कोण ठरवतं? माझ्या मते काकांच्या मुलीचा प्रश्न इथे आहे.

शुश्रूषा_११
अफू यांना शंभर मोदक.
केरळची भर घालते. १९९३ ला कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार वगैरेंनी छोटं केंद्र काढलं. मग लक्षात आलं की पेशंट दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा गल्लीतल्या लोकांनाच शिकवलं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. औषध डॉक्टर देणार, पण बसणं, बोलणं, तांदूळ पोचवणं, पोरांची फी, हे शेजाऱ्यांचं. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात ते गावोगाव पसरलं. २००८ ला केरळ सरकारचं धोरण आलं, देशात पहिलं. आपल्याकडेही आहे की. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून, गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा तर टाटा कर्करोग रुग्णालयाच्या पेशंटांचं दुसरं घर. पण मुंबई-पुणे सोडून शंभर किलोमीटर गेलात की विचारायला नको.

कुंपणावरचा
दोन दिवस लिहिलं नाही, कारण लिहावं की नाही ठरत नव्हतं.
माझी आई गेल्या वर्षी गेली. ८१ वर्षं, स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. १९ दिवस अतिदक्षता विभाग, त्यातले १२ व्हेंटिलेटरवर. रुग्णालयाचं नाव घेत नाही. हात बांधलेले होते, नळी ओढेल म्हणून. भेटायला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. मी प्राध्यापक माणूस, रोज नवा शोधनिबंध छापून न्यायचो डॉक्टरांना दाखवायला. तिला काय हवंय हे त्या १९ दिवसांत मी एकदाही विचारलं नाही. पहिले चार दिवस ती बोलू शकत होती.
वरचा 'ऐकण्याची इच्छा' हा अर्थ वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.
गिधाडांचं अजूनही पूर्ण पटलेलं नाही, हे नोंदवतो.

दादर_टीटी
🙏

मुंबई_पुणे_मुंबई
कुंपणावरचे, शब्द नाहीत.
ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना नुसतं जगवत ठेवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावं लागे म्हणून कोणी करत नसे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. २०२४ ला गोव्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच स्वतःचं करून नोंदवलं. मी आणि बायकोने दिवाळीनंतर केलं. नोटरी म्हणाला, "दोघांचं एकाच कागदावर चालेल का?" चालत नाही.

विदर्भ_पवनार
यात विनोबांची आठवण यायला हवी. नोव्हेंबर १९८२, पवनार. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, औषध, पाणी नाकारलं आणि शांतपणे गेले. इंदिराबाई भेटून गेल्या होत्या. तेव्हा इकडे कोणी 'अभद्र' म्हटलं नाही.

चहाबाज
पण ते विनोबा. आपण नाकारलं तर घरचे ॲम्ब्युलन्स बोलावतात.

निवृत्त_कॅशियर
मंडळी, काय लिहू. एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. अख्खा धागा मोठ्या अक्षरांत छापून मुलीपुढे ठेवला. तिने वाचला, आणि पहिल्यांदा चिडली नाही.

म्हणाली, "बाबा, कंपनीत मी गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते तपासायचे. चार वर्षं. विरघळल्यावर जाते कुठे हे विचारायचं टेबलच नव्हतं." टेबल हा शब्द माझ्यासाठी मुद्दाम वापरला असणार.

कुंपणावरचे सर, तिने तुम्हाला निरोप दिलाय: आक्षेप बरोबर आहे, नुसता शब्द एक असून भागत नाही. म्हणून ती एकाच तालुक्यात बसून नोंदी करणार आहे. माणसांना कुठली वेदनाशामकं मिळतात, गुरांना कुठली, किती, कोणाच्या सांगण्यावरून, आणि उरलेल्याचं काय होतं. तुम्ही तिचा आराखडा झोडपायला तयार असाल तर पाठवते म्हणते.

आत्याचंही सांगतो. काल आली होती. अभद्र वगैरे बोलून झाल्यावर हळूच विचारते, "गुडघ्याला कुठलं मलम लावू गं?" जे लावते ते डायक्लोफिनॅकचंच निघालं. मुलीने सांगितलं, लाव, पण लावल्यावर हात आधी कागदाला पूस, मग धू, म्हणजे नळातून नदीत कमी जाईल.

चहाबाज
आत्याबाईंना गिधाडांपासून लांब ठेवा. गिधाडांच्या भल्यासाठी.

कुंपणावरचा
पाठवा आराखडा. झोडपीन, कबूल.

जनावरांचा_डॉक्टर
तालुका ठरला नसेल तर आमच्याकडे या. माझी जुनी औषधांची रजिस्टरं आहेत, ९८ पासूनची. फेकली नाहीत.

माळरान
हाडकीचा रस्ता मी दाखवीन.

निवृत्त_कॅशियर
दोघांचेही आभार, तिला कळवतो. शुश्रूषाताई, तिचा एक प्रश्न तुमच्यासाठी आहे: सातबाऱ्यावाल्या पेशंटचं पुढे काय झालं?

शुश्रूषा_११
गेले. पाडव्याच्या आदल्या दिवशी, घरीच, पहाटे. बायको शेजारी होती. उतारा उशाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तो तिच्याकडे दिला. मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या मोजून सही करून परत नेल्या. १४ होत्या.